कानबाईच्या जागरणानंतर मोतीला फिट का आली?

या वेळी चार पत्रं निवडली आहेत. एक कुत्र्याचं, एक प्रयोगशाळेतल्या उंदरांचं, एक घोडीचं आणि एक चक्क माणसाचं. मी जनावरांची डॉक्टर, तरी चौथ्या पत्राला उत्तर देते आहे. का, ते तिथे येईलच.

प्रश्न : डॉक्टरताई, आमच्या मळ्यात मोती नावाचा कुत्रा आहे. अल्सेशियन आणि गावठी असा मिश्र, तीन वर्षांचा. केळीच्या बागेची राखण करतो, रानडुकरांना फिरकू देत नाही. दीड वर्षापासून त्याला फिट येतात. तालुक्याच्या पशुवैद्यकांनी फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर चार-चार महिने काही होत नाही. मागच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसली होती. रात्रभर गाणी, नाच, पाहुणे, आणि मोती अंगणातच बांधलेला. सोमवारी विसर्जन करून आलो तर तो पाय झाडत पडलेला. त्याआधी पुतणीच्या हळदीला रात्री डीजे होता, तेव्हाही दुसऱ्या दिवशी हेच झालं. आई म्हणते नजर लागली. मला जागरणाची शंका येते. मुक्या प्राण्याला जागरणाने फिट येऊ शकते का?
— एक केळी उत्पादक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, येऊ शकते. दोन्ही वेळा आदल्या रात्री काय घडलं हे तुम्ही ध्यानात ठेवलंत, याचं मला फार बरं वाटलं. दवाखान्यात येणारे बहुतेक जण फिट कशी आली ते सांगतात, आदल्या रात्रीचं कुणी सांगत नाही.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. काही निरोप चेतवणारे असतात, त्यांचं मुख्य रसायन ग्लुटामेट. काही थोपवणारे असतात, त्यांचं मुख्य रसायन गाबा. या दोन्हींचा तोल सुटून पेशींचा मोठा जथा एकदम, एकाच तालात पेटला की फिट येते. तुम्ही शेतकरी, म्हणून पाटाचं उदाहरण देते. बांध तोच असतो, उंदराचं बीळही तेच असतं. पाणी निम्म्यावर वाहत असेल तर बीळ कोरडं राहतं. पाणी काठोकाठ आलं की त्याच बिळातून बांध फुटतो. मोतीच्या मेंदूत बीळ आधीपासून आहे. जागरणाने पाण्याची पातळी वर येते.

हे नुसतं उदाहरण नाही, ते मोजलेलं आहे. हॉवर्ड कोहेन आणि विल्यम डिमेंट यांनी १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग छापला. झोपेत एक टप्पा असा असतो की डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात, स्वप्नं पडतात आणि अंगाचे स्नायू पार सैल पडतात. त्यांनी उंदरांना नेमका हा टप्पा मिळू दिला नाही, आणि मग किती विजेच्या झटक्याने फिट येते ते पाहिलं. पुरेशा झोपलेल्या उंदरांपेक्षा त्यांना कमी वीज पुरली. पुढे १९८२ मध्ये मार्गारेट शाउस आणि बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवर हेच पडताळलं. त्या मांजरांच्या मेंदूत अमिग्डला नावाच्या भागाला रोज बारीक विद्युत स्पर्श देऊन फिटची सवय लावलेली होती. जागरणानंतर त्यांचाही उंबरठा, म्हणजे फिट यायला लागणारी विजेची मात्रा, खाली आला.

हे का होतं, याचं एक उत्तर मला पटतं. जागेपणी प्राणी जे पाहतो, हुंगतो, शिकतो, त्याने पेशींमधले जोड बळकट होत जातात. दिवस जातो तसे ते वाढतच राहतात. झोपेत मेंदू ते पुन्हा आवरून घेतो, अशी मांडणी जुलिओ तोनोनी आणि किआरा चिरेली यांनी २००३ मध्ये केली. २०१७ साली त्यांच्याच गटाने उंदरांच्या मेंदूचे अतिशय पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून ६,९२० जोड मोजले. झोपून उठलेल्या उंदरांत जोडांचा संपर्कपृष्ठभाग जागलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी लहान भरला. म्हणजे जागलेला मेंदू खरोखरच जास्त घट्ट बांधलेला असतो, आणि त्यात एक ठिणगी लांबपर्यंत जाते.

आता तुम्ही विचाराल, की मग कुत्र्यांना बऱ्याचदा झोपेतच फिट का येते? कुत्र्यांत हे नेहमी दिसतं. पहाटे, नाहीतर दुपारी सावलीत पडलेला असताना. गाढ झोपेत मेंदूच्या पेशी संथ लाटांत एकत्र चालतात. ते एकत्र चालणंच फिटच्या पथ्यावर पडतं. उलट स्वप्नांच्या टप्प्यात प्रत्येक पेशी आपापल्या वाटेने जाते, म्हणून त्या टप्प्यात फिट क्वचितच येते. झोपेत फिट येते म्हणून झोपू द्यायचं नाही, असं करणारे मालक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. अर्धवट झालेली झोप सगळ्यांत वाईट.

पण सगळं जागरणावर टाकून मोकळं होऊ नका. कानबाईच्या संध्याकाळी मोतीची गोळी कुणी दिली होती? हळदीच्या दिवशी? कार्यघरी ज्याचं काम तो पाहुण्यांत अडकतो आणि गोळी फळीवर राहते. फेनोबार्बिटोनचा एक डोस चुकला तरी रक्तातली औषधाची पातळी खाली जाते, आणि त्यात रात्रभर ढोल. शिवाय केळीवर किंवा शेजारच्या कपाशीवर त्या आठवड्यात फवारणी झाली होती का? काही कीटकनाशकं पोटात गेली तर धडधाकट कुत्र्यालाही झटके येतात. त्याचा इलाज अगदी वेगळा आणि तातडीचा असतो.

यापुढे एक वही करा. फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, आदली रात्र कशी गेली, गोळी दिली की नाही. गोळी बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. कार्याच्या रात्री मोतीला दूरच्या मळ्यात, ओळखीच्या गड्याजवळ आणि नेहमीच्या गोणपाटावर झोपू द्या. फिट आली तर तोंडात हात घालू नका, पाणी ओतू नका. डोकं आपटणार नाही एवढं बघा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. पाच मिनिटांवर गेली किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना उठवा. नजर काढायची असेल तर आईंना काढू द्या. गोळी मात्र वेळेवर.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. प्राण्यांना जागं ठेवून त्यांच्यावर प्रयोग करतात असं शिकवलं. जागं ठेवतात कसं? हे क्रूर नाही का? आणि सगळ्या प्रयोगांचा निष्कर्ष एकच निघतो का?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : तुझ्या तीन प्रश्नांतला मधला सगळ्यांत अवघड आहे, म्हणून तोच आधी घेते.

१८९४ साली मारिया मानासेइना या रशियन बाईंनी कुत्र्याची पिल्लं सतत जागी ठेवली. चार-पाच दिवसांत ती मेली. शिकागोत अ‍ॅलन रेक्टशाफेन यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात उंदरांना पाण्यावर फिरणाऱ्या तबकडीवर ठेवत. उंदीर झोपी गेला की तबकडी फिरायची. पूर्ण जागवलेले उंदीर ११ ते ३२ दिवसांत गेले. ते जास्त खात होते, तरी झिजत होते, आणि अंगावर जखमा उमटत होत्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. होय, क्रूर होतं. आपल्याकडे प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि प्रयोगांवर देखरेख करणारे नियम १९९८ चे. त्यामुळे आज संस्थेच्या नैतिक समितीपुढे उद्देश, प्राण्यांची संख्या आणि त्रास कमी करण्याची तजवीज मांडावी लागते. मला हे योग्य वाटतं, आणि अजून कडक असावं असंही वाटतं.

आजकाल बहुधा सौम्य रीत वापरतात. उंदीर निशाचर, त्याची झोप दिवसाची. सकाळी दिवे लागल्यापासून पाच-सहा तास एक माणूस पिंजऱ्याजवळ बसतो. उंदीर पेंगला की मऊ ब्रशने हलवतो, नवं लाकूड किंवा कागद आत टाकतो, पिंजऱ्यावर टिचकी मारतो. जुनी रीत 'कुंडी'ची. पाण्यात उलटी ठेवलेली छोटी कुंडी, आणि तिच्यावर प्राणी. साधी झोप त्याला बसल्या बसल्या मिळते. पण स्वप्नांचा टप्पा आला की स्नायू सैल पडतात, नाक पाण्यात बुडतं आणि तो जागा होतो. मिशेल जुव्हे यांच्या प्रयोगशाळेने मांजरांसाठी ही युक्ती १९६० च्या दशकात वापरली.

तिसऱ्या प्रश्नाचं बीज इथेच आहे. कुंडीवरचा उंदीर फक्त जागा नसतो. तो ओला असतो, एकटा असतो, घाबरलेला असतो. मग उंबरठा जागरणाने उतरला की भीतीने? म्हणून नेटके प्रयोग करणारे शेजारी मोठी कुंडी ठेवतात. तिच्यावर उंदराला नीट झोपता येतं, पण पाणी आणि एकटेपणा तोच. तरी निकाल नेहमी जुळत नाहीत. प्राण्याची जात, वय, किती तास जागवलं आणि फिट कशाने आणली, विजेने की पेंटिलीनटेट्राझोलसारख्या औषधाने, यावर बरंच अवलंबून असतं. काही प्रयोगांत उंबरठा हललाच नाही.

याचं एक कारण मला विशेष सुंदर वाटतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. १९९७ मध्ये मांजरांच्या मेंदूत हे थेट मोजलं गेलं. तोच आपल्याला पेंग आणतो, आणि तोच पेशींना थोपवतोही. म्हणजे जागरणाबरोबर पाणी चढतं, आणि मेंदू आपल्याच हाताने बांधावर मातीही टाकत असतो. कोण पुढे जाईल ते त्या प्राण्यावर ठरतं. ज्या मेंदूत आधीच खोट आहे तिथे पाणी जिंकतं, असं एकूण पुराव्यावरून मला दिसतं. निरोगी कुत्रा किंवा निरोगी उंदीर एका रात्रीच्या जागरणाने मिरगीचा रोगी होत नाही. आणि चहा-कॉफीतलं कॅफीन या अ‍ॅडिनोसिनचीच वाट अडवतं. परीक्षेच्या रात्री चौथा कप ओतताना हे आठव.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून दत्तजयंतीला घोडी घेतली. चाल सुंदर, खाणंपिणं चांगलं. पण पंधरा दिवसांपासून उभ्या उभ्या पुढच्या गुडघ्यांवर कोसळते आणि लगेच उठते. लोक म्हणतात मिरगी आहे, यात्रेत फसवलं, विकून टाक. काय करू?
— एक अश्वपालक, ता. शहादा

उत्तर : जिभाऊ, विकू नका. आधी रात्री तिच्याजवळ बसा.

घोडा उभ्याने डुलकी काढतो, कारण त्याच्या पायांत सांधे अडकवून ठेवायची सोय असते. पण स्वप्नांच्या टप्प्यात स्नायू सैल होतात. तेव्हा त्याला आडवं पडावंच लागतं. त्याला ही झोप थोडीच लागते, दिवसात तासभरसुद्धा नाही, पण ती चुकवता येत नाही. काही दिवस आडवं पडायला मिळालं नाही तर ती झोप उभ्यानेच येऊन गाठते. मान हळूहळू खाली येते, ओठ लोंबतो, पुढचे पाय मुडपतात आणि गुडघे टेकताच घोडी दचकून उभी राहते. पुढच्या पायांवर, गुडघ्यांवर आणि खुराच्या वरच्या सांध्याला समोरून खरचटल्याच्या जुन्या-नव्या खुणा दिसतात का, ते पाहा. दिसल्या तर माझा अंदाज जवळजवळ पक्का समजा.

फिट वेगळी दिसते. जनावर भान हरपून आडवं होतं, पाय मारतं, डोळे फिरतात, कधी लघवी-लीद होते. उठल्यावरही बराच वेळ ते बावचळलेलं असतं. तुमची घोडी लगेच उठते, हे तुम्हीच लिहिलंय.

मग ती झोपत का नाही? नवं घर, नवे आवाज, आणि बहुधा पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, आवळलेली. घोडा भित्रा प्राणी, सुरक्षित वाटल्याशिवाय आडवा होत नाही. पिछाडी सोडा, दोर लांब करा, खाली कोरड्या काडाचा जाड थर द्या, आणि शक्य असेल तर दिसेल अशा अंतरावर दुसरं जनावर बांधा, म्हैस असली तरी चालेल. वय जास्त असेल तर सांधे दुखत असल्यानेही ती बसायचं टाळते. म्हणून डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. मोबाइलवर रात्रीचं चित्रण केलंत तर त्यांचं काम निम्मं होईल. माझ्या नोकरीच्या काळात असंच एक जनावर मिरगीच्या नावाखाली कवडीमोलाने गेलं. मालकाला फक्त पेंढा अंथरायचा होता. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मॅडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात हे माहीत आहे, पण तुमचं सदर वाचते म्हणून विचारते. माझी मुलगी बारावीला आहे. अभ्यासाला रात्री दोनपर्यंत जागते. सकाळी चहाचा कप हातातून उडाल्यासारखा पडतो, हातांना झटके येतात. गेल्या महिन्यात एकदा मोठी फिट आली. मेंदूच्या डॉक्टरांनी ई.ई.जी. सांगितलाय, आणि आदल्या रात्री तिला जागवून आणा म्हणाले. जागरणाने त्रास होतो तर हे आपणच का करायचं? मला भीती वाटते.
— एक आई, पारोळा

उत्तर : ताई, निदान तुमचे डॉक्टरच करतील, मी करणार नाही. पण ते जागवून आणा का म्हणतात, ते सांगू शकते.

ई.ई.जी. म्हणजे मेंदूच्या विद्युत लाटांची नोंद. हान्स बर्गर यांनी ती माणसात पहिल्यांदा १९२४ मध्ये घेतली. अडचण एवढीच, की पट्टी लावलेल्या अर्ध्या-पाऊण तासात मेंदू शांत असेल तर लपलेली खोट कागदावर येत नाही. जागवलेल्या मेंदूत पाणी काठाला आलेलं असतं, म्हणून ती दिसते. शिवाय दमलेली मुलगी तिथेच झोपी जाते, तेव्हाच्या लाटाही मिळतात. कोहेन-डिमेंटच्या उंदरांत जे दिसलं, त्याचाच हा माणसांसाठी केलेला उपयोग. हे एकाच रात्रीचं असतं आणि तपासणी जाणकारांच्या नजरेखाली होते. त्या रात्री तिला एकटी सोडू नका आणि न्यायला गाडी करा, मोटारसायकल नको. गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सकाळी उठल्यावर हातांना झटके, वस्तू हातातून उडणं आणि जागरणानंतर ते वाढणं, हे वर्णन डॉक्टरांना अगदी या शब्दांत सांगा. किशोरवयात सुरू होणारा मिरगीचा एक प्रकार असा दिसतो, त्याचं सविस्तर वर्णन जर्मनीत १९५७ साली झालं. अशा मुलामुलींना नुसती 'फिट येते' म्हणून नेतात. कपाची गोष्ट घरीच राहते, कारण ती आईला धांदरटपणा वाटते.

आता मी हे उत्तर का लिहिलं ते सांगते. बोरी नदीकाठच्या आमच्या गावात माझा धाकटा भाऊ रात्री गव्हाला पाणी भरायला जायचा. विहिरीवरची वीज रात्रीची. १९७९ च्या थंडीत तो एकोणीस वर्षांचा होता. पहाटे परत येऊन चहा घेताना त्याची बशी पडायची, आणि आई रागवायची. मग एके दिवशी तो शेतातच पाटात पालथा सापडला. वीतभर पाणी, पण तोंड त्यात. काकांनी ओढून काढलं. नाकाला कांदा लावला, चप्पल हुंगवली. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी गोळ्या दिल्या, पण रात्री झोपतो का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही. गोळ्या घेऊनही पाण्याच्या पाळीनंतर त्याला फिट यायचीच.

मी तेव्हा मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात उंदराच्या कानांना दोन क्लिपा लावून ०.२ सेकंद वीज द्यायची, आणि फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलेला उंदीर मागचे पाय ताणत नाही हे पाहायचं, असा पाठ असे. न दिलेल्या उंदराचे पाय ताठ झाले आणि मला पाटातला भाऊ दिसला. सरांना विचारलं, हा उंदीर रात्रभर जागलेला असता तर? ते म्हणाले, ग्रंथालयात जा, १९६५ चा 'सायन्स' काढ. त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं. त्याला रात्री शेतात पाठवू नका, एवढंच होतं त्यात.

वडिलांनी पाण्याची पाळी स्वतःकडे घेतली. भाऊ आता साठी ओलांडून गेलाय. नऊला गोळी, दहाला अंथरूण. गावात कानबाई बसते तेव्हा तो दिवेलागणीलाच नारळ ठेवून पाया पडतो. गाणी रंगायला लागली की वहिनी दारातून हाक मारते, "चाल भो, निजी जाय आते." आणि तो उठतो.